पानिपतचा हिवाळा : अंगावरचे थर आणि खंदकातले अडीच महिने

डिसेंबर उजाडला की वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल या पट्ट्यातून तरुणांच्या टोळ्या उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला निघतात. नवी मुंबईत थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करण्याचे निमित्त. तिथल्या या मुलांना निघण्यापूर्वी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली जाते : एकच जाडजूड जाकीट नेऊ नका, तीन थर न्या. अंगालगत घाम बाहेर काढणारा थर, त्यावर ऊब धरून ठेवणारा लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर वारा व ओल अडवणारा थर.

हा धडा अलीकडच्या दुकानांनी शिकवला, असा समज आहे. प्रत्यक्षात कडाक्याच्या थंडीत अंगावर काय असावे, या साध्या प्रश्नाभोवती मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या पराभवाची एक आख्यायिका उभी आहे. 'पानिपतावर मराठे थंडीने हरले. अफगाणांच्या अंगावर कातड्याचे कोट होते आणि आपल्या लोकांच्या अंगावर सुती अंगरखे.' हा धागा त्या आख्यायिकेत तथ्य किती आणि सोय किती, याविषयी आहे.

आधी थरांचे शास्त्र. कापड स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीराची असते. कापड फक्त शरीराभोवतीची हवा अडवून ठेवते आणि अडकलेली, स्थिर हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा दोन-तीन पातळ कापडे बरी, कारण प्रत्येक दोन थरांच्या मध्ये हवेचे आणखी एक अस्तर तयार होते. शिवाय चालताना घाम आला तर एक थर काढता येतो, थांबल्यावर पुन्हा चढवता येतो. या साऱ्याचा शत्रू एकच : ओल. भिजलेल्या कापडातल्या हवेची जागा पाणी घेते आणि पाणी शरीराची उष्णता झपाट्याने पळवते. सूत इथेच दगा देते. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेऊनही ओली लागत नाही.

जून १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी हा ट्वीडचा कोट घालून हिमालयात फिरायला गेलेला हौशी साहेब, अशी चेष्टा बरीच वर्षे होत असे. १९९९ मध्ये त्याचा मृतदेह सापडला. अंगावरच्या कपड्यांच्या अवशेषांवरून तंतोतंत प्रतिकृती शिवण्यात आल्या आणि २००६ मध्ये त्या एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहण्यात आल्या. रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर, त्यांवर गॅबर्डिनचे वारा अडवणारे कापड. कपडे हलके होते आणि चांगलेच उबदार निघाले. थरांची कल्पना नायलॉनपेक्षा जुनी आहे, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

सह्याद्रीत ती त्याहूनही जुनी आहे. मावळातल्या शेतकऱ्याचे किंवा मेंढपाळाचे जुने कपडे पाहा. अंगालगत सुती बंडी किंवा बारा बंदांनी आवळली जाणारी बाराबंदी. गारठा वाढला तर त्यावर दुहेरी सुताची पासोडी. आणि सर्वांत वर घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, शाल विणावी अशी मऊ नसते. धनगरांनी कातरलेल्या या लोकरीचे सूत काढून सणगर ते मागावर विणतात आणि सुताला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे वीण घट्ट बसते. असे घोंगडे डोक्यावरून खोळ करून घेतले की आषाढातला पाऊस त्यावरून बराचसा ओघळून जातो, वारा आत शिरत नाही आणि आतला माणूस कोरडा राहतो. रात्री तेच अंथरूण, तेच पांघरूण. दुकानदार ज्याला आज 'बाहेरचा थर' म्हणतो, ते काम घोंगडीने कित्येक शतके केले आहे.

तेव्हा मराठ्यांना थर ठाऊक नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. त्यांना उत्तरेचा हिवाळा ठाऊक नव्हता, हे म्हणणेही टिकत नाही. जानेवारी १७५४ मध्ये मराठी फौजा भरतपूरजवळच्या कुंभेरीला वेढा घालून बसल्या होत्या. मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव त्याच वेढ्यात मारला गेला. १० जानेवारी १७६० रोजी, म्हणजे पानिपतच्या सुमारे एक वर्ष आधी, दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर यमुनेच्या काठी पडले. शिंदे-होळकरांच्या पथकांतील जुन्या स्वारांना यमुनाकाठचे धुके आणि पहाटेचा बोचरा वारा नवा नव्हता.

मग १७६० च्या हिवाळ्यात वेगळे काय घडले?

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाले. मराठवाड्यात तेव्हा ऊन तापू लागले होते. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, ऑक्टोबरच्या मध्यावर कुंजपुरा पडले. तोवर अडचण हवामानाची नव्हती, पैशाची होती. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासच्या छताचा चांदीचा पत्रा काढून त्याची नाणी पाडावी लागली, यावरून ती किती गंभीर होती हे कळते. ऑक्टोबरच्या अखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मराठ्यांची छावणी पानिपत गावाभोवती खंदक खणून बसली, ती १४ जानेवारी १७६१ पर्यंत.

उत्तरेतला सर्वांत गार काळ नेमका हाच. पुण्याची पहाट गार असते, पण पानिपतची वेगळी. तिथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दोन-चार अंशांपर्यंत उतरते. धुके दिवसचे दिवस हटत नाही आणि दवाने तंबूचे कापड, घोड्यांची झूल, माणसाचा अंगरखा सारेच ओलसर राहते. सुताला दगा द्यायला हेच हवामान पुरेसे.

आता त्या 'कातड्याच्या कोटा'कडे वळू. अफगाणांचे पोस्तीन म्हणजे कमावलेल्या मेंढीच्या कातड्याचा, लोकर आतल्या बाजूला ठेवून शिवलेला लांब कोट. एकाच वस्त्रात ऊब धरणारा थर आणि वारा अडवणारा थर. पुढे पुण्याच्या दरबारात रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०८-०९ मध्ये वकील म्हणून पेशावरला गेला होता. १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात अफगाणांच्या पेहरावाचे तपशीलवार वर्णन आहे आणि त्यात हे पोस्तीनही आहे. ते काबूल-गझनीच्या हिवाळ्यातून घडलेले वस्त्र आहे. पानिपतच्या थंडीत ते घालणाऱ्याला फारसा त्रास होण्याचे कारण नव्हते.

पण आख्यायिका इथे एक गोष्ट सोईस्करपणे विसरते. अब्दालीची सारी फौज अफगाण नव्हती. नजीबखानाचे रोहिले होते, अवधचा शुजाउद्दौला होता. त्याच्या बाजूने लढलेल्यांपैकी फार मोठा भाग हिंदुस्थानचाच होता. त्यांच्या थंडीवरचे उत्तर कातडे नव्हते, कापूस होता. दोन कापडांमध्ये पिंजलेला कापूस भरून टाचलेली मिरजई, रुईदार अंगरखा, रजई. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकते आणि ती ऊब धरते, तत्त्व तेच. ही वस्त्रे दिल्लीच्या बाजारात मिळत, शिवून घेता येत, आणि ती वापरण्यासाठी कोणाला अफगाणिस्तानात जन्म घ्यावा लागत नव्हता. फक्त दोन गोष्टी लागत : हातात रोकड आणि बाजाराकडे जाणारी मोकळी वाट. पानिपतच्या खंदकात नोव्हेंबरपासून या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

इथे मराठी लष्करी व्यवस्थेतले एक वैगुण्य दिसते, आणि त्यावर फारसे बोलले जात नाही. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन येई. बारगीराला घोडा सरकारातून मिळे. कपडे मात्र ज्याचे त्याने पाहायचे. राज्यात जामदारखाना होता. त्यात शेले, शालजोड्या, किनखाब ठेवलेले असत. ते सरदारांना मानाची वस्त्रे देण्यासाठी. वस्त्र हा प्रतिष्ठेचा विषय होता, रसदीचा नव्हता. हजारो सामान्य शिपायांना हिवाळ्यापूर्वी पांघरुणे पुरवणे हे कोणत्याही कारखान्याचे काम नव्हते. अर्थात त्या काळी हे बहुतेक सर्व सैन्यांत असेच चाले. दोष एकट्या पेशव्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु अब्दालीच्या माणसाने थंडीचे कपडे घरून अंगावर घालूनच आणले होते, आणि मराठी माणूस उन्हाळ्याच्या तोंडावर घरातून निघाला होता. फरक तिथे पडला.

शिवाय छावणीत लढणाऱ्यांहून न लढणाऱ्यांची संख्या मोठी होती. बाजारबुणगे, नोकरचाकर, यात्रेकरू, सरदारांचे कुटुंबकबिले. काशी-प्रयागच्या आशेने निघालेल्या माणसाच्या गाठोड्यात काय असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

अंगावरचे थर अपुरे असले की माणूस आणखी दोन थर शोधतो. एक आगीचा, दुसरा अन्नाचा. थंडीत कुडकुडणारे शरीर स्नायू हलवून उष्णता निर्माण करते आणि त्यासाठी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक अन्न जाळते. पोटभर जेवलेला माणूस एका घोंगडीत रात्र काढू शकतो. उपाशी माणसाला तीनही पुरत नाहीत. अब्दालीने मराठ्यांचे हे दोन्ही थर एकेक करून काढून घेतले. त्याच्या स्वतःच्या छावणीला रोहिलखंडातून आणि दुआबातून धान्य येत राहिले. दुआबात त्याची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून थेट शत्रूच्या छावणीत शिरली.

आणि सरपण. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण. लढाई त्याने शत्रूच्या बाजूने पाहिली आणि पुढे १७८० च्या सुमारास फारसीत तिची हकीकत लिहिली. छावणीतली हजारो माणसे एका रात्री गवत आणि लाकूडफाटा आणण्यासाठी खंदकाबाहेर गेली, शत्रूच्या फिरत्या घोडदळाच्या तावडीत सापडली आणि कापली गेली, असे तो सांगतो. त्याच्या आकड्यांवर वाद घालता येईल, घटनेच्या अर्थावर नाही. ही माणसे लढायला गेली नव्हती. घोड्याला चारा आणि चुलीला जळण हवे, म्हणून ती अंधारात बाहेर पडली होती. पानिपतच्या थंडीने माणसे मारली असतील तर ती अशी. गारठून मेली ती थोडी; ऊब शोधायला गेली ती परतली नाहीत.

म्हणून 'थंडीने हरलो' हे वाक्य अर्धसत्य आहे आणि त्याची सोय अशी की दोष आकाशाला देता येतो. थंडी दोन्ही छावण्यांवर सारखीच पडत होती. एका बाजूला कपडे, धान्य आणि सरपण होते. दुसऱ्या बाजूला ते संपत गेले. १४ जानेवारीच्या पहाटे मराठे खंदकाबाहेर पडले, तोवर त्यांची माणसे आणि घोडी कित्येक दिवसांची उपाशी होती. तरीही दुपारपर्यंत त्यांनी लढाई तोलून धरली. नुसत्या थंडीने खचलेले सैन्य असे लढत नाही.

पराभवानंतरच्या रात्रीची एक हकीकत या विषयाला वेगळीच कलाटणी देते. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे होते. आज केदारकंठाला जाणाऱ्या मुलांच्याच वयाचे. आपल्या आत्मचरित्रात ते सांगतात की पळताना सोबत्याच्या सल्ल्याने त्यांनी घोडा सोडला आणि अंगावरचे कपडेही टाकून दिले. चांगला अंगरखा म्हणजे लुटारूंना आमंत्रण, आणि ओळख पटली तर जीव जाणार. जानेवारीची रात्र, उत्तरेचे मोकळे मैदान, आणि पुढे मराठी राज्याचा कारभार पंचवीसेक वर्षे हाकणारा माणूस जगण्यासाठी अंगावरचा एकेक थर उतरवतो आहे. त्या रात्री उबदार असण्यापेक्षा दरिद्री दिसणे अधिक सुरक्षित होते.

वाचलेले लोक दक्षिणेकडे सरकत जाटांच्या मुलखात पोहोचले. सुरजमल जाट लढाईपूर्वीच मराठ्यांपासून दूर झाला होता. तरीही त्याने आणि राणी किशोरीने या निर्वासितांना आसरा दिला. अन्न, वस्त्र, औषधोपचार दिले. सात वर्षांपूर्वी ज्याच्या कुंभेरीला मराठ्यांनी वेढा घातला होता, त्याच राजाने उघड्या अंगाने आलेल्या मराठ्यांच्या अंगावर कापड घातले. भरतपूरविषयी मराठी मनात आजही जिव्हाळा आहे, त्याचे मूळ इथे आहे.

पानिपतपासून कोणी काही शिकले का? इंग्रज तरी नाही. ज्या शाहशुजाला भेटायला एल्फिन्स्टन पेशावरला गेला होता, तो अब्दालीचाच नातू. त्याला काबूलच्या गादीवर बसवण्यासाठी इंग्रजी फौजा १८३९ मध्ये अफगाणिस्तानात शिरल्या आणि ६ जानेवारी १८४२ रोजी काबूल सोडून माघारी निघाल्या : सुमारे साडेचार हजार सैनिक, बारा हजारांच्या आसपास नोकरचाकर. बहुतेक शिपाई हिंदुस्थानच्या मैदानी मुलखातले. निघण्यापूर्वी एल्ड्रेड पॉटिंजर नावाच्या अधिकाऱ्याने सुचवले होते की घोड्यांच्या जुन्या झुली फाडून त्यांच्या पट्ट्या अफगाणांप्रमाणे शिपायांच्या पायांना गुंडाळाव्यात. बर्फात कडक चामडी जोड्यांपेक्षा त्या बऱ्या. कोणी लक्ष दिले नाही. पहिल्या एक-दोन रात्रींतच शिपायांचे हातपाय हिमदंशाने निकामी होऊ लागले. आठवड्याभरात १३ जानेवारीला जलालाबादच्या तटापाशी डॉक्टर ब्रायडन पोहोचला, तेव्हा त्या फौजेचे जवळपास काही उरले नव्हते. पुढे ही पायपट्टी इंग्रजी सैन्याच्या गणवेशातच दाखल झाली आणि पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या पोटऱ्यांवर दिसली. इंग्रजीत तिचे नाव 'पुटी' असे पडले. शब्द आपल्याच 'पट्टी'चा.

स्वतंत्र भारतानेही हीच चूक एकदा केली. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चूच्या खोऱ्यात, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या ब्रिगेडमधले कितीतरी जवान सुती उन्हाळी गणवेशात आणि एकेका ब्लँकेटवर होते. ते काश्मिरी किंवा लडाखी नव्हते; मैदानातून घाईघाईने वर चढवलेले होते. दळवी स्वतः युद्धकैदी झाले आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिमालयन ब्लंडर' या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांची हकीकत लिहिली. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. त्याच हिवाळ्यात देशभर घरोघरी बायका जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणत होत्या. त्या विणकामाची भावना थोर होती. पण सैन्याला ऊब घराघरांतून गोळा करावी लागणे, हे जामदारखान्याच्या काळापासून फारसे पुढे न सरकल्याचेच लक्षण होते.

त्यानंतर मात्र गणित बदलले. १९८० च्या दशकाच्या आरंभी सियाचीनवर कोण आधी पोहोचणार, याची चढाओढ सुरू होती. लंडनच्या ज्या पुरवठादाराकडून भारत अतिशीत प्रदेशातले कपडे घेत होता, त्याच्याकडेच पाकिस्तानने तशाच कपड्यांची मागणी नोंदवल्याचे कळले. त्या मागणीतून शत्रूचा बेत ओळखण्यात आला, आणि भारतीय मोहिमेची घाई झाली. १३ एप्रिल १९८४ रोजी कॅप्टन संजय कुलकर्णी यांची कुमाऊं रेजिमेंटची तुकडी हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला या खिंडीत उतरली. तिथे तापमान शून्याखाली तीस अंशांच्या आसपास होते. उतरल्यानंतर थोड्याच काळात तुकडीतले जवान हिमदंशाने आणि उंचीवरच्या आजाराने बाधित होऊ लागले. पण खिंड हातची गेली नाही. त्यांच्या अंगावरचे थर परदेशातून आलेले होते आणि ते आदल्याच संध्याकाळी, १२ एप्रिलला, पोहोचले होते.